घरोघरी हवी ‘घराची वही’

आज तुम्हाला काही साधे प्रश्न विचारायचे आहेत. तुमच्या घरचा कर्ता माणूस उद्या आठ दिवस अंथरुणाला खिळला, तर विहिरीवरची मोटार कोण चालू करील? ती चालू झाली नाही तर आधी काय पाहायचे, हे घरात आणखी कोणाला ठाऊक आहे? कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडायचे तर कोणता वॉल उघडायचा आणि कोणता बंद करायचा? घरात वायर जळाल्याचा वास आला तर मेन स्विच कोठे आहे? संडासाचे दोन शोषखड्डे आहेत, त्यांतला सध्या कोणता चालू आहे?

बहुतेक घरांत या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर मिळते : “ते त्यांनाच ठाऊक!” हे ‘ते’ म्हणजे कोठे वडील, कोठे थोरला भाऊ, कोठे घरधनी. सारे घर त्यांच्या डोक्यात असते. ते घरी आहेत तोवर सगळे सुरळीत चालते. पण माणूस आजारी पडतो, परगावी जातो, म्हातारा होतो आणि एक दिवस निघूनही जातो. त्याच्याबरोबर घराची सगळी माहितीही जाते. मागे राहिलेल्यांना आपलेच घर परके होते.

असे प्रसंग गावोगाव घडतात. कर्ता माणूस तालुक्याच्या दवाखान्यात, गहू ओंबीवर आलेला, शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आणि मोटार काही केल्या सुरू होत नाही. दवाखान्यात फोन लावावा तर त्याला बोलण्याची ताकद नाही. मग बारावीतला मुलगा हातात बॅटरी घेऊन, ओल्या पायांनी, स्टार्टरच्या पेटीत हात घालतो. त्या पेटीत ४१५ व्होल्टचा दाब असतो. घराची माहिती कागदावर नसण्याची किंमत म्हणजे नुसते एक पाणी चुकणे नव्हे. कधी कधी त्यात जीव जातो. म्हणून प्रत्येक घरात एक ‘घराची वही’ असावी.

मोटेपासून मोटारीपर्यंत

आपल्या आजोबा-पणजोबांना अशी वही लागली नाही आणि त्याला कारण आहे. त्यांची सगळी साधने डोळ्यांसमोर होती. मोट, नाडा, चाक, बैल आणि धाव हे शेंबड्या पोरालाही दिसत असे. नाडा विरला तर दिसे, चाक कुरकुरले तर ऐकू येई, मोट फाटली तर पाणी गळताना दिसे. मूल बापाच्या मागे मागे फिरता फिरताच सगळे शिके.

आता तसे राहिले नाही. मोटार पाण्याखाली, पाईप जमिनीखाली, वायर भिंतीच्या आत आणि संडासाचा खड्डा मातीखाली. जे दिसत नाही ते पाहून शिकता येत नाही. शिवाय मुले शाळा-कॉलेजात, कोणी पुण्या-मुंबईला नोकरीला. बापाच्या मागे फिरायला वेळ कोणाला? म्हणून जे पूर्वी डोळ्यांनी शिकता येई, ते आता लिहून ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या जमिनीची नोंद सरकार ठेवते. सातबारा आहे, आठ-अ आहे, फेरफार आहे. पण त्या जमिनीखालून गेलेली तुमची पाईपलाईन कोठे वळते आणि तिचा सांधा कोठे आहे, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती तुम्हीच ठेवायची.

पहिले पान धोक्याचे

एक जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घ्या. पेनाने लिहा, शिसपेन पुसून जाते. प्रत्येक नोंदीला तारीख घाला. वहीचे पहिले पान फक्त एका कामासाठी राखा : संकटात काय, कोठे आणि कसे बंद करायचे.

त्या पानावर इतके असावे. घराचा मेन स्विच कोठे आहे. विहिरीवरचा मेन स्विच कोठे आहे. पाण्याच्या टाकीचा वॉल कोठे आहे. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा. खाली फोन नंबर लिहा : गावचा वायरमन, मोटार काढणारा कारागीर, प्लंबर, गॅसवाला, जवळचे दोन शेजारी. वीज कंपनीची तक्रार महावितरणच्या १९१२ या नंबरावर घेतात. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. तक्रार करताना बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात. तोही येथेच लिहा. घरचा आणि शेतीचा क्रमांक वेगळा असतो, तेव्हा दोन्ही लिहा.

याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करावे. हे आपल्याला ठाऊक असते, पण त्या घटकेला आठवत नाही.

विहीर आणि मोटार

मोटारीच्या पानावर आधी मोटारीचा जन्मदाखला लिहा. किती हॉर्सपॉवरची, कोणत्या कंपनीची, कधी घेतली, कोठे घेतली, पावती कोठे ठेवली. मोटारीवरचा पत्रा पाण्यात बुडालेला असतो, म्हणून त्यावरचे आकडे मोटार वर काढली की उतरून घ्यावे आणि मोबाईलने फोटो काढावा. बोअरची मोटार असेल तर किती फुटांवर सोडली, किती पाईप लागले, केबल किती लांबीची आणि पाणी किती फुटांवर लागते, हे सगळे लिहा. मोटार जळली की कारागीर पहिल्यांदा हेच विचारतो. उत्तर ठाऊक नसेल तर त्याचा अंदाज आणि तुमचे पैसे!

मग रोजची रीत लिहा. लाईट आल्यावर तिन्ही फेज आहेत का, हे कोठे पाहायचे? स्टार्टरवर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे असतील तर तिन्ही लागले पाहिजेत. एक जरी विझलेला असेल तर मोटार लावू नये, दोन फेजवर मोटार जळते. हिरवे बटण दाबल्यावर किती वेळाने पाणी पडते, तेही घड्याळ लावून पाहा आणि लिहा. तुमच्या विहिरीवर पाण्याला दोन मिनिटे लागत असतील, तर पाच मिनिटे झाली तरी पाणी नाही याचा अर्थ मोटार बंद करावी, हे नवख्यालाही कळेल. वरची पंपाची मोटार असेल तर पाणी भरून घ्यावे लागते का आणि फूटव्हॉल्व्ह कधी बदलला, हेही लिहावे.

मोटार ट्रिप झाली तर काय? थोडा वेळ थांबून एकदाच रिसेट करावे. पुन्हा ट्रिप झाली तर मेन स्विच पाडून वायरमनला बोलवावे. वारंवार बटण दाबत बसू नये.

आणि एक गोष्ट लाल शाईने लिहा. पुष्कळ ठिकाणी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. लाईट गेली तेव्हा मोटार बंद असते. माणसाला वाटते, आता काही भीती नाही. तो विहिरीत उतरतो किंवा वायरीला हात लावतो. तेवढ्यात लाईट येते आणि मोटार आपोआप सुरू होते. यात माणसे दगावली आहेत. तुमच्या पेटीत ऑटो आहे की नाही, असल्यास कोठे आहे आणि कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. नियम एकच : लाईट असो वा नसो, मेन स्विच पाडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

सौर पंप बसवला असेल तर कंट्रोलरचा नंबर, कंपनीचा फोन आणि बसवल्याची तारीख लिहा. सरकारी योजनेतील पंपाला पाच वर्षांची देखभाल असते. ती मुदत कधी संपते, हे तारखेवरूनच कळेल.

जमिनीखालचा नकाशा

पाईपलाईनचा नकाशा काढायला चित्रकार व्हावे लागत नाही. विहीर, बांध, आंब्याचे झाड, गोठा आणि विजेचा खांब अशा न हलणाऱ्या खुणा कागदावर मांडा. मग पाईप कोणत्या खुणेपासून किती पावलांवर वळतो, ते लिहा. उदाहरणार्थ : ‘विहिरीपासून आंब्याकडे सरळ ९० पावले, तेथे वॉल. तेथून उजवीकडे बांधाच्या आतून ४० पावले.’ पाईप किती इंची, किती खोल आणि कोणत्या साली पुरला, हेही लिहावे. पावले सगळ्यांची सारखी नसतात, म्हणून शक्य तर टेपने मोजून फूट लिहा.

हा नकाशा नसला की काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. नांगराचा फाळ पाईपात घुसतो, किंवा गळती शोधण्यासाठी अर्धे शेत उकरावे लागते. पाईप दुसऱ्याच्या शेतातून गेला असेल तर आणखी जपावे. अशा पाण्याच्या वाटेसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ प्रमाणे तहसीलदाराची परवानगी घेता येते. ती घेतली असेल तर तिची प्रत वहीत लावा. नुसत्या तोंडी बोलण्यावर पाईप नेला असेल, तर कोणाशी, कधी आणि काय ठरले ते लिहा आणि दोन्ही घरच्यांच्या सह्या घ्या. बाप-बापांत ठरलेले मुला-मुलांना ठाऊक नसते आणि तेथूनच भांडणे उभी राहतात.

वॉलना नंबर द्या. डबीभर ऑईलपेंट आणा आणि प्रत्येक वॉलवर १, २, ३ असे रंगवा. मग वहीत इतकेच लिहावे लागेल : ‘कांद्याला पाणी : २ उघडा, १ आणि ३ बंद. आधी उघडा, मग बंद करा.’ सगळे वॉल बंद असताना मोटार लागली तर पाईप फुटतो, म्हणून हा क्रम लिहिणे महत्त्वाचे.

ठिबक असेल तर फिल्टर धुतल्यानंतर त्याच्या दोन्ही घड्याळांवर किती दाब दिसतो, तो लिहून ठेवा. पुढे दोन्हींतले अंतर वाढले की फिल्टर तुंबला असे समजावे. आम्ल सोडायचे झाल्यास पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. हे वहीतही लिहा आणि डब्यावरही लिहा.

घरातली वीज आणि गॅस

घराच्या बोर्डावर प्रत्येक स्विचखाली चिठ्ठी चिकटवा : कोणता माजघराचा, कोणता गोठ्याचा, कोणता पिठाच्या गिरणीचा. फ्यूज असेल तर कोणत्या जाडीची तार घालायची, ते वायरमनला विचारून लिहा आणि त्या तारेची एक गुंडाळी बोर्डाजवळ ठेवा. तार हाताशी नसली की माणूस मिळेल ती जाड तांब्याची तार घालतो. मग फ्यूज उडत नाही, घर पेटते.

अर्थिंगचा खड्डा कोठे आहे, हे अनेक घरांत कोणालाच सांगता येत नाही. तो शोधा, त्यावर खूण करा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याचे काम एका माणसाला नेमून द्या. शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवला असेल तर त्यावर ‘टेस्ट’ असे लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. स्विच पडला तर ठीक, न पडला तर तो बदलायचा.

गॅसच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलतात. तारीख वहीत लिहा. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळ एक इंग्रजी अक्षर आणि साल असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेले सिलिंडर दारातच परत करावे. हे गृहिणीला ठाऊक असले की गाडीवाल्यापुढे गप्प बसावे लागत नाही.

गोबरगॅस असेल तर रोज किती पाट्या शेण आणि किती बादल्या पाणी घालता, ते लिहा. शेण आणि पाणी सारखे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पाटी कोणती आणि बादली कोणती, हे सुनेला कोण सांगणार?

पिण्याचे पाणी आणि संडास

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकताना अंदाजपंचे मूठभर टाकतात. त्यापेक्षा विहिरीचे माप वहीत असावे. गोल विहिरीच्या रुंदीच्या फुटांना रुंदीच्याच फुटांनी गुणा, आलेल्या आकड्याला पाण्याच्या खोलीच्या फुटांनी गुणा आणि शेवटी २२ ने गुणा. तेवढे लिटर पाणी विहिरीत आहे. वीस फूट रुंद विहिरीत दहा फूट पाणी असेल तर २० × २० × १० × २२ म्हणजे ८८,००० लिटर झाले. चांगली ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला २२० ग्रॅम. ती बादलीत कालवून निवळू द्यावी, वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि निदान एक तास पाणी भरू नये. रात्री टाकली तर उत्तम.

आता संडासाचे. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो. तो भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला झाकून ठेवायचा. दोन वर्षे बंद ठेवला म्हणजे आतल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः असा खड्डा उपसून दाखवला होता. पण या सगळ्याला एक गोष्ट हवी, ती म्हणजे तारीख. खड्डा कधी बंद केला हेच ठाऊक नसेल, तर तो उघडायचा कधी? म्हणून वहीत लिहा : ‘पूर्वेचा खड्डा बंद केला, अमुक तारीख.’ झाकणावरही सिमेंटमध्ये खूण करा.

सेप्टिक टँक असेल तर तो कोठे आहे, झाकण कोठे आहे आणि कधी उपसला, हे लिहा. त्याखाली ठळक लिहा : यात कोणीही उतरायचे नाही. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो. उपसण्याचे काम गाडीच्या पंपाने करावे.

छप्पर आणि कागद

कौलारू घर असेल तर कौले कधी परतली, कोणती वासे-रिपा बदलल्या आणि कोठे गळते, हे पावसाळ्यातच लिहावे. उन्हाळ्यात गळण्याची जागा आठवत नाही. धाब्याच्या घराला पांढरी माती कोठून आणता आणि कधी टाकली, हे लिहा. स्लॅब असेल तर किती जाडीचा आणि कोणत्या साली टाकला, हेही लिहा. पुढे वर खोली चढवायची झाल्यास गवंडी हेच विचारील.

शेवटची पाने कागदपत्रांची. येथे कागद नव्हे, कागद कोठे आहेत ते लिहायचे. सातबारा, आठ-अ, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, वीजबिल, बँकेचे पासबुक, विमा. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर तेही नमूद करा आणि सवड काढून नाव बदलून घ्या. कोणी वारले तर वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायची असते, हेही लिहा. एटीएमचा पिन किंवा कोणताही गुप्त आकडा मात्र या वहीत लिहू नये. वही सगळ्यांच्या हाती पडणार आहे.

लिहायचे कोणी?

आता सगळ्यात महत्त्वाचे. ही वही कर्त्या माणसाने एकट्याने लिहू नये. ज्याला सगळे ठाऊक असते तो लिहिताना निम्मे गाळतो. त्याला ते इतके सवयीचे असते की सांगायची गरजच वाटत नाही. म्हणून ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे आणि ज्याला ठाऊक नाही त्याने लिहावे. वडिलांनी सांगावे, सुनेने किंवा नातीने लिहावे. “मामंजी, हे बटण दाबल्यावर काय होते?” असे तिने विचारले की तेच वहीत यायला हवे होते, हे ध्यानात येते.

लिहून झाले की परीक्षा घ्या. एके दिवशी घरच्या बाईने वही हातात घ्यावी आणि विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी, कांद्याला पाणी सोडावे आणि मोटार बंद करावी. घरधन्याने जवळ उभे राहावे, पण धोका नसेल तर बोलू नये. जेथे ती अडेल तेथे वही अपुरी आहे. तेवढे त्याच वेळी लिहून घ्यावे. घरात कोणाला वाचता येत नसेल तर रंग, आकडे आणि चित्रे वापरा. मोबाईलवर चित्रफीत काढून परगावच्या मुलालाही पाठवा. पण फोन हरवतो, बिघडतो, म्हणून कागदाची वही हवीच.

काही घरांत याला दोन अडचणी येतात. पहिली, “मी आहे की, मला विचारा.” असे म्हणणाऱ्याने आपण नसू त्या दिवसाचा विचार करावा. दुसरी, असे सगळे लिहून ठेवणे अनेकांना अभद्र वाटते, निरवानिरव केल्यासारखे वाटते. पण आपण बी-बियाणे राखून ठेवतो ते यंदाचे पीक जाईल म्हणून नव्हे, पुढची पेरणी व्हावी म्हणून. ही वहीही तशीच आहे. शिवाय मोटार कशी चालते हे घरच्या बाईला कळले, तर तुम्हालाही चार दिवस निर्धास्तपणे पंढरीला जाता येईल.

वही वर्षातून दोनदा उघडून दुरुस्त करा. एकदा पाडव्याला आणि एकदा मृगाच्या आधी. मोटार बदलली, पाईप जोडला, वायरमनचा नंबर बदलला की त्याच दिवशी नोंद करा. जुनी माहिती खोडा, पण फाडू नका, ती कधी तरी उपयोगी पडते. वही कुलुपात ठेवू नका. माजघरातल्या देवळीत किंवा खुंटीला टांगून, हात पोहोचेल अशी ठेवा.

सगळी वही एका दिवसात होणार नाही आणि तशी घाईही नाही. आज रात्री जेवणे झाली की फक्त पहिले पान लिहा. मग बॅटरी घेऊन सगळे उठा आणि घरातल्या प्रत्येकाने, लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, मेन स्विच कोठे आहे ते बोट दाखवून सांगा. दुसरे पान उद्या विहिरीवर लिहा.